जेम्स मॅडिसन व संयुक्त संस्थानांची राज्यघटना

जमिनीचा सारा राज्य सरकार घेतें, गांवांत येणारा पोलीस राज्य सरकारचा असतो. परंतु आगगाडी, टपाल व लष्कर हीं केंद्र सरकारच्या हातीं आहेत, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. एकाच माणसावर दोन सरकारें कशीं असूं शकतात, त्यांतील थोरलें कोणतें व धाकटें कोणतें, आणि दोघांत तंटा पडला तर तो कोणीं तोडावा, हे प्रश्न मात्र सर्वांस उलगडलेले असतात असें नाहीं. निव्वळ कायद्याच्या भाषेंत त्यांचीं उत्तरें दिलीं तर तीं रुक्ष वाटतील. म्हणून ज्या गृहस्थांनीं ह्याच प्रश्नांच्या विचारांत आपल्या आयुष्याचीं पन्नासांहून अधिक वर्षें घालविलीं, त्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

हे गृहस्थ म्हणजे अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचे चौथे अध्यक्ष जेम्स मॅडिसन. संस्थान म्हणजे एखाद्या राजाचें राज्य असें येथें कोणीं समजूं नये. अमेरिकेंतील संस्थान म्हणजे आपल्याकडील महाराष्ट्र किंवा कर्नाटक ह्यांसारखें, स्वतःचें विधिमंडळ असलेलें घटक राज्य होय. मॅडिसन ह्यांचा जन्म १६ मार्च १७५१ रोजीं व्हर्जिनियांत झाला. व्हर्जिनिया ही त्या काळीं इंग्लंडच्या राजाची वसाहत होती. वडील मोठे जमीनदार. तंबाखूचें पीक व तें पिकविणारे आफ्रिकी गुलाम ह्यांवर त्या घराचें वैभव उभें होतें. ह्या गोष्टीकडे आम्हांस पुढें पुन्हा यावें लागेल. बारा भावंडांत जेम्स हे थोरले. अंगकाठी लहान, प्रकृति नाजूक, आणि आवाज इतका हलका कीं पुढें मोठ्या सभांतून मागें बसलेल्या लोकांस तो नीट ऐकूं येत नसे. परंतु अभ्यासाचा नाद विलक्षण होता. १७६९ सालीं ते प्रिन्स्टन येथील कॉलेजांत गेले. तेथील मुख्य जॉन विदरस्पून हे स्कॉटलंडांतून आलेले प्रेस्बिटेरियन पाळक होते. १७७१ सालीं पदवी मिळाल्यावरहि मॅडिसन कांहीं महिने त्यांच्यापाशीं इब्री भाषा शिकण्यास राहिले. मनुष्याचा स्वभाव पतित आहे, आणि राज्य करणारा मनुष्यहि त्याला अपवाद नाहीं, ही शिकवण त्या कॉलेजांत मुरलेली होती. आमच्या मतें मॅडिसन ह्यांच्या पुढील सर्व राजकारणाच्या मुळाशीं हीच गोष्ट सांपडते.

शिक्षण पुरें करून ते घरीं आले तेव्हां त्या भागांत एक लाजिरवाणा प्रकार चालला होता. व्हर्जिनियांत इंग्लंडची मंडळी ही राजमान्य होती. तिच्या पाळकांच्या वेतनासाठीं सर्वांनीं कर भरावा, मग तो मनुष्य कोणत्याहि पंथाचा असो, असा कायदा होता. इतर पंथांच्या उपदेशकांनीं सरकारी परवाना काढल्यावांचून उपदेश करूं नये असाहि निर्बंध होता. बॅप्टिस्ट उपदेशक हे बहुतेक गरीब, फार न शिकलेले लोक. उपदेशाचा अधिकार देवापासून आहे, तो परवान्यानें घ्यावयाचा नाहीं, असें म्हणून ते उघड्यावर उपदेश करीत व तुरुंगांत जात. १७७४ च्या आरंभीं मॅडिसन ह्यांच्या शेजारच्या परगण्यांत असे पांच-सहा जण कोंडलेले होते. मॅडिसन ह्यांचें घराणें राजमान्य मंडळींतलेंच. बॅप्टिस्टांच्या मतांशीं त्यांचें मतैक्य नव्हतें. तरी त्यांनीं ह्या लोकांसाठीं शेजाऱ्यापाजाऱ्यांशीं वाद घातले, आणि ह्याविषयींचा संताप आपल्या एका कॉलेजांतील मित्रास पत्रानें कळविला. वय अवघें बावीस. त्यांच्या राजकारणाचा खरा आरंभ येथून झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

दोन वर्षांनीं, १७७६ सालीं, तेरा वसाहतींनीं इंग्लंडशीं संबंध तोडला. व्हर्जिनियाच्या सभेंत हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता व मॅडिसन तेथें एक तरुण सभासद होते. जॉर्ज मेसन ह्या वडीलधाऱ्या गृहस्थांनीं केलेल्या मसुद्यांत असें होतें कीं धर्माच्या बाबतींत सर्वांस पूर्ण सवलतीनें वागवावें, म्हणजे परमत सहन करावें. मॅडिसन ह्यांस हा शब्द खटकला. त्यांच्या सूचनेवरून तो काढला गेला, आणि आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणें धर्म पाळण्याचा सर्वांस सारखाच हक्क आहे असें घातलें गेलें. फरक एका शब्दाचा, पण केवढा! पाटलाच्या मेहेरबानीनें विहिरीवर पाणी भरूं मिळणें वेगळें, आणि त्या विहिरीवर हक्क असणें वेगळें. मेहेरबानी देणारा ती उद्यां परत घेतो.

पुढील वर्षीं निवडणूक आली. मतदारांस दारू पाजून मतें मिळवावीं अशी तेथें चालच पडली होती. मॅडिसन ह्यांनीं ती चाल पाळण्याचें नाकारलें व ते पडले. परंतु त्यांची योग्यता जाणणाऱ्यांनीं त्यांस राज्यपालाच्या मंडळांत घेतलें, आणि १७८० सालीं ते व्हर्जिनियाचे प्रतिनिधि म्हणून तेराहि संस्थानांच्या काँग्रेस नांवाच्या सभेंत गेले. लढाई अजून चालू होती.

ह्या काँग्रेसचा कारभार कसा होता हें समजल्यावांचून पुढील गोष्ट समजणार नाहीं. सात गांवांनीं मिळून एक बंधारा बांधण्याचें ठरविलें, आणि त्यासाठीं पंच नेमिले, अशी कल्पना करा. पंचांनीं प्रत्येक गांवास वर्गणीचा आंकडा कळवावा; परंतु वर्गणी वसूल करण्याचा अधिकार त्यांस नाहीं. ज्या गांवास पाणी आधीं मिळतें तें म्हणतें, आमचें भागलें; शेवटचें गांव म्हणतें, आमच्यापर्यंत पाणी येईल तेव्हां देऊं. आणि नियम बदलावयाचा तर सातहि गांवांची संमति हवी, एकानें मान हालविली कीं सर्व खुंटलें. १७८१ सालीं अमलांत आलेला तेरा संस्थानांचा करारनामा ह्याच मासल्याचा होता. काँग्रेसला कर बसवितां येत नसे, ती संस्थानांस केवळ मागणी करी. तिला न्यायालय नव्हतें, हुकूम बजावणारा अधिकारी नव्हता. आयात मालावर शेंकडा पांच जकात घेण्याची परवानगी द्यावी अशी तिनें विनंति केली, तेव्हां सर्वांत लहान अशा ऱ्होड आयलंड संस्थानानें १७८२ सालीं ती फेटाळली. १७८३ च्या जून महिन्यांत पगार न मिळालेल्या शिपायांनीं फिलाडेल्फिया येथें सभागृहास गराडा घातला, आणि ज्या सभेनें इंग्लंडसारख्या राष्ट्राशीं युद्ध केलें तिला गांव सोडून प्रिन्स्टनला जावें लागलें. त्या वेळीं मॅडिसन सभासद होते.

मध्यंतरीं त्यांच्या स्वतःच्या संस्थानांत धर्माचा प्रश्न पुन्हा उठला. पॅट्रिक हेन्री हे व्हर्जिनियाचे नामांकित वक्ते. सर्व ख्रिस्ती पंथांच्या उपदेशकांसाठीं कर बसवावा, व कोणत्या पंथास तो द्यावा हें करदात्यानें ठरवावें, असें विधेयक त्यांनीं पुढें केलें. वरवर पाहतां ह्यांत वाईट काय? कित्येक भाविक लोक त्याच्या बाजूस होते. मॅडिसन ह्यांनीं १७८५ सालीं आपलें नांव न घालतां एक अर्ज लिहिला व त्यावर लोकांच्या सह्या घेण्यांत आल्या. त्यांतील एक मुद्दा असा कीं, जें सरकार आज ख्रिस्ती धर्मास इतर धर्मांहून वर बसवूं शकतें, तेंच उद्यां एका ख्रिस्ती पंथास बाकीच्या पंथांच्या डोक्यावर बसवूं शकेल. आणि ज्या धर्मास उभें राहण्यास सरकारचा टेकू लागतो, त्याच्या सत्यतेविषयीं त्याच्याच अनुयायांची खात्री नाहीं असें जगास वाटेल. बॅप्टिस्ट व प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनींहि ह्या विधेयकाविरुद्ध अर्ज पाठविले. तें विधेयक मागें पडलें. उलट थॉमस जेफरसन ह्यांनीं पूर्वीं लिहून ठेविलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मॅडिसन ह्यांनीं १७८६ च्या जानेवारींत मंजूर करून घेतला. कर भरणाऱ्यांत जे ख्रिस्ती होते त्यांनींच हा कर नको म्हटलें, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

आतां मुख्य विषयाकडे येऊं. जेफरसन त्या वेळीं पॅरिसमध्यें वकील होते. त्यांच्याकडून मॅडिसन ह्यांनीं पेट्या भरून पुस्तकें मागविलीं, आणि प्राचीन ग्रीसमधील नगरांचे संघ, स्वित्झर्लंड, हॉलंड, जर्मनी ह्या देशांतील संघ कसे जुळले व कशानें मोडले ह्याचें टिपण केलें. त्यांस बहुतेक ठिकाणीं एकच रोग आढळला. वरचें सरकार खालच्या सरकारांस हुकूम करी. खालच्यानें न ऐकल्यास दोनच मार्ग, गप्प बसणें किंवा फौज पाठविणें. एका माणसानें कर चुकविला तर त्याला न्यायालयांत नेतां येतें. पण सबंध प्रांतानें चुकविला तर त्याला कोणत्या कोठडींत घालणार? म्हणून वरच्या सरकारचा कायदा प्रांतावर नव्हे, तर थेट माणसावर चालला पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. एकाच माणसावर दोन सरकारें कां, ह्याचें उत्तर येथें आहे.

१७८६ सालीं ॲनापोलिस येथें भरलेल्या बैठकीस पांचच संस्थानांचे लोक आले. त्याच हिंवाळ्यांत मॅसॅच्युसेट्समध्यें कर्जानें व करानें गांजलेल्या शेतकऱ्यांनीं बंड केलें, आणि तें मोडण्यास काँग्रेसपाशीं पैसा नव्हता. तेव्हां सर्वांचे डोळे उघडले. २५ मे १७८७ रोजीं फिलाडेल्फियांत घटनासभा भरली. जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष. एकंदर पंचावन्न प्रतिनिधि हजर राहिले. ऱ्होड आयलंडनें कोणास पाठविलेंच नाहीं. दारें बंद, बाहेर एक शब्द जावयाचा नाहीं, आणि उन्हाळा भर. मॅडिसन पुढल्या जागेवर बसून प्रत्येकाचें बोलणें टिपून घेत, रात्रीं तें सविस्तर लिहून काढीत, आणि चार महिन्यांत ते एक दिवसहि चुकले नाहींत. त्या सभेंत काय झालें हें आज जगास ठाऊक आहे तें मुख्यतः ह्या टिपणांमुळें.

त्यांच्या विचारांवरून तयार झालेली योजना व्हर्जिनियाचे राज्यपाल रँडॉल्फ ह्यांनीं २९ मे रोजीं मांडली. जुन्या करारनाम्यास ठिगळ न लावतां नवें सरकारच उभारावें, कायदा करणारें, तो बजावणारें व न्याय देणारें अशीं तीन अंगें वेगवेगळीं असावीं, आणि प्रतिनिधि लोकसंख्येच्या मानानें असावेत, असा तिचा सारांश. लहान संस्थानें खवळलीं. त्यांचें भय खोटें नव्हतें: १७९० च्या खानेसुमारींत व्हर्जिनियाची वस्ती सुमारें साडेसात लाख भरली, तर डेलावेअरची साठ हजारांच्याहि आंत. डोकीं मोजून मतें दिलीं तर डेलावेअरला विचारणार कोण? उलट प्रत्येक संस्थानास एकच मत दिलें तर व्हर्जिनियाच्या बारा माणसांची किंमत डेलावेअरच्या एका माणसाएवढी. वाद इतका चिघळला कीं एक्याऐंशी वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिन ह्यांनीं, रोज सकाळीं प्रार्थनेनें कामास आरंभ करावा अशी सूचना केली. त्यावर कोणी म्हणाले, पाळकास द्यावयास आपल्यापाशीं पैसा नाहीं. कोणी म्हणाले, इतक्या उशिरां प्रार्थना सुरू केली तर आंत फूट आहे असें बाहेर लोकांस वाटेल. सभा ठराव न करितांच उठली. ही हकीकत मॅडिसन ह्यांच्याच टिपणांत आहे.

शेवटीं १६ जुलै रोजीं एका मताच्या फरकानें तडजोड झाली. प्रतिनिधिगृहांत लोकसंख्येप्रमाणें जागा, आणि सेनेटांत लहानमोठ्या प्रत्येक संस्थानास दोन. कायदा व्हावयाचा तर दोन्ही गृहांची संमति पाहिजे. मॅडिसन ह्यांस ही तडजोड मुळींच रुचली नव्हती. ते तिच्याविरुद्ध अखेरपर्यंत झगडले. संस्थानांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार वरच्या विधिमंडळास असावा हा त्यांचा आवडता मुद्दाहि सभेनें फेटाळला. त्याऐवजीं असें ठरलें कीं ही घटना व तिला अनुसरून केलेले कायदे हेच देशांतील सर्वश्रेष्ठ कायदे होत, आणि प्रत्येक संस्थानाच्या न्यायाधीशांवरहि ते बंधनकारक आहेत. म्हणजे तंटा तोडण्याचें काम राज्यकर्त्यांच्या हातून निघून न्यायासनाकडे गेलें. आमचें मत असें कीं मॅडिसन ह्यांचा हा पराभव देशाच्या पथ्यावरच पडला. एक सरकार दुसऱ्याचा कायदा पुसूं लागलें असतें तर दुसरें सरकार नांवाचेंच उरलें असतें.

ह्या घटनेप्रमाणें वरच्या सरकारास मोजकींच कामें नेमून दिलीं: युद्ध व तह, परराष्ट्रांशीं व संस्थाना-संस्थानांमधील व्यापार, नाणें, टपाल, जकात व कर, आणि अशीं आणखी कांहीं. उरलेलें सर्व संस्थानांकडे. आपल्या भारताची घटना २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आली. तिचा मसुदा ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं मांडतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं ह्याच अमेरिकन घटनेशीं तिची तुलना केली होती. आपल्याकडे कामांच्या तीन याद्या आहेत, एक केंद्राची, एक राज्यांची व एक दोघांची. आणि ज्या कामाचा कोणत्याहि यादींत उल्लेख नाहीं तें केंद्राकडे जातें. अमेरिकेंत तें संस्थानांकडे राहतें. दोन्ही देशांत वांटणी मात्र लेखी आहे, आणि ती कोणा एका सरकारास आपल्या मर्जीनें बदलतां येत नाहीं.

ह्याच सभेंत एक मोठें पाप झालें, तेंहि सांगितलें पाहिजे. दक्षिणेकडील संस्थानांनीं हट्ट धरिला कीं गुलामांस मत नसलें तरी प्रतिनिधींची संख्या ठरवितांना ते मोजावे. ठरलें असें कीं पांच गुलाम म्हणजे तीन माणसें धरावीं. आफ्रिकेंतून गुलाम आणण्याचा व्यापार १८०८ पर्यंत काँग्रेसनें बंद करूं नये असेंहि ठरलें. मनुष्य ही मालमत्ता होऊं शकते अशी कल्पना घटनेंत येऊं देऊं नये, असें मॅडिसन तेथें बोलले खरे, आणि गुलाम हा शब्द तिच्यांत कोठेंहि येऊं दिला नाहीं. शब्द टाळला, वस्तु राहिली. मत नसलेल्या त्या माणसांच्या संख्येवर त्यांच्या धन्यांस जास्त प्रतिनिधि मिळाले.

१७ सप्टेंबर १७८७ रोजीं एकोणचाळीस जणांनीं सह्या केल्या. पण घटना अमलांत यावयाची तर नऊ संस्थानांच्या लोकांनीं त्यासाठीं निवडलेल्या सभांची मंजुरी हवी होती. संस्थानांच्या विधिमंडळांकडे न जातां लोकांकडे जावें हाहि मॅडिसन ह्यांचाच आग्रह. कारण जी सनद खालच्या सरकारांनीं दिली ती तीं परत घेऊं पाहतील, लोकांनीं दिलेली तशी घेतां येत नाहीं. न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रांतून अलेक्झांडर हॅमिल्टन, जॉन जे व मॅडिसन ह्या तिघांनीं एका टोपणनांवानें पंच्याऐंशी लेख लिहिले. त्यांतील एकोणतीस मॅडिसन ह्यांचे धरितात. प्रजासत्ताक राज्य लहान मुलुखांतच टिकतें, असें तोंवर विद्वान् मानीत आले होते. मॅडिसन ह्यांनीं त्याच्या उलट मांडलें. लहान जागेंत एकाच पक्षाचें बहुमत सहज जमतें, आणि तें जमलें कीं उरलेल्यांस छळतां येतें. ज्या गांवांत शंभर घरें एका मताचीं व दहा घरें दुसऱ्या मताचीं, तेथें त्या दहांचें काय होतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु राज्याचा विस्तार मोठा असला म्हणजे त्यांत इतके पंथ, इतके धंदे व इतकीं मतें असतात कीं कोणा एकास सर्वत्र बहुमत जमवून दुसऱ्यास दडपणें कठीण जातें. म्हणून गांवांत अन्याय झालेल्या मनुष्यास गांवाबाहेर दाद मागण्याची जागा पाहिजे, आणि वरून अन्याय झाला तर त्याच्या बाजूनें उभें राहणारें जवळचें सरकारहि पाहिजे. एकाच्या हातीं सर्व सत्ता दिली तर ह्या दोहोंपैकीं एक दार बंद होतें.

व्हर्जिनियाच्या सभेंत पुन्हा पॅट्रिक हेन्री ह्यांच्याशीं गांठ पडली. एकीकडे त्यांचें गर्जणारें वक्तृत्व, दुसरीकडे टोपींत ठेविलेल्या टिपणांकडे पाहत बोलणारे मॅडिसन. मधून मधून आजारानें अंथरुणालाहि खिळले. २५ जून १७८८ रोजीं ८९ विरुद्ध ७९ मतांनीं घटना मंजूर झाली. बॅप्टिस्टांस मात्र धाक होता, कीं ह्या घटनेंत धर्मस्वातंत्र्याची हमी कोठें आहे? मॅडिसन ह्यांचें पहिलें म्हणणें असें कीं जो अधिकार सरकारास दिलाच नाहीं त्यावर बंदी लिहावयाची कशाला. कागदी कुंपण बहुमतास अडवीत नाहीं. परंतु लोकांचें ऐकून त्यांनीं मत बदललें, आणि प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकींत ही हमी मिळवून देण्याचें वचन दिलें. प्रतिस्पर्धी जेम्स मन्रो. मॅडिसन १,३०८ विरुद्ध ९७२ मतांनीं निवडून आले. निवडून आल्यावर वचन विसरणारे पुष्कळ असतात. मॅडिसन ह्यांनीं ८ जून १७८९ रोजीं, इतर सभासद कंटाळले असतांहि, दुरुस्त्या मांडल्याच. त्यांतून निघालेल्या दहा दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ रोजीं घटनेंत आल्या. पहिलींत काँग्रेसनें कोणताहि धर्म राजमान्य करूं नये व कोणास आपला धर्म पाळण्यास अडवूं नये असें आहे. दहावींत, संयुक्त सरकारास न दिलेले व संस्थानांस मना न केलेले अधिकार संस्थानांचे किंवा लोकांचे राहतात असें आहे.

ह्यांतील एक दुरुस्ती मात्र हातची गेली, आणि मॅडिसन तिलाच सर्वांत मोलाची समजत. सदसद्विवेकबुद्धीचें व छापखान्याचें स्वातंत्र्य आणि पंचांमार्फत न्याय मिळण्याचा हक्क हीं संस्थानांनींहि मोडूं नयेत असें तिच्यांत होतें. सेनेटनें ती गाळली. परिणाम असा झाला कीं पहिल्या दुरुस्तीनें फक्त वरच्या सरकाराचे हात बांधले. मॅसॅच्युसेट्स संस्थानांत धर्मासाठीं कर १८३३ पर्यंत चालू राहिला. १८६८ सालच्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारें न्यायालयांनीं पुढें विसाव्या शतकांत हीं बंधनें संस्थानांवरहि लागू केलीं. घटना बदलण्याची वाट अवघड पण मोकळी ठेवली होती: दोन्ही गृहांत दोनतृतीयांश मतें, आणि मग तीनचतुर्थांश संस्थानांची संमति. सभासदांनीं आपला वाढविलेला पगार पुढील निवडणुकीपर्यंत घेऊं नये, ही मॅडिसन ह्यांची त्याच वेळची दुसरी एक दुरुस्ती तर २०० वर्षांनंतर, १९९२ सालीं मंजूर झाली!

१७९४ सालीं त्यांनीं डॉली टॉड ह्या क्वेकर कुटुंबांतील विधवेशीं विवाह केला. १८०१ पासून आठ वर्षें ते जेफरसन ह्यांचे परराष्ट्रमंत्री, व १८०९ पासून १८१७ पर्यंत अध्यक्ष होते. अध्यक्ष ह्या नात्यानें त्यांची कामगिरी घटनाकार ह्या नात्याइतकी थोर नाहीं. १८१२ च्या जून महिन्यांत इंग्लंडशीं पुकारलेल्या युद्धास देश तयार नव्हता, आणि १८१४ च्या ऑगस्टांत इंग्रजांनीं वॉशिंग्टन शहरांतील अध्यक्षांचें घर जाळलें. ह्याच युद्धाची झळ मुंबईसहि लागली, हें आमच्या जुन्या मंडळ्यांस ऐकून माहीत असेल. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस उतरले तेव्हां ते शत्रुराष्ट्राचे लोक ठरले होते, आणि कंपनी सरकारानें त्यांस परत धाडण्याची खटपट केली. पुष्कळ विनंत्यांनंतर त्यांस राहूं दिलें.

अध्यक्षपणांतील दोन कृत्यें मात्र त्यांच्या तत्त्वांस शोभणारीं आहेत. १८११ सालीं अलेक्झांड्रिया येथील एका एपिस्कोपल मंडळीस काँग्रेसनें कायद्यानें सनद दिली; हें धर्मांत सरकारचें हात घालणें आहे असें म्हणून त्यांनीं तें विधेयक परत पाठविलें. आणि ३ मार्च १८१७ रोजीं, अधिकार सोडण्याच्या आदल्या दिवशीं, रस्ते व कालवे बांधण्याचें विधेयक त्यांनीं नामंजूर केलें. रस्ते त्यांस हवे होते. पण घटनेनें तें काम काँग्रेसला नेमून दिलें नव्हतें. हवें तर घटना दुरुस्त करा, असें त्यांचें म्हणणें. आवडतें काम असूनहि अधिकार नाहीं म्हणून हात आखडणारा राज्यकर्ता विरळा.

नंतरचीं वर्षें त्यांनीं माँटपेलिअर ह्या आपल्या शेतीवाडीवर काढलीं. १७९८ सालीं सरकारवर टीका करणाऱ्यांस शिक्षा देणारा कायदा झाला होता, तेव्हां संस्थानांनीं त्याविरुद्ध आवाज उठवावा असा ठराव मॅडिसन ह्यांनींच लिहिला होता. त्याचा आधार घेऊन १८३२ सालीं साउथ कॅरोलिना संस्थानानें जकातीचा कायदा आपल्यापुरता रद्द केला. ऐंशी वर्षांचे मॅडिसन संधिवातानें वांकडीं झालेलीं बोटें घेऊन पत्रांवर पत्रें लिहीत राहिले: आवाज उठविणें वेगळें, आणि एकट्यानें कायदा मोडणें वेगळें, एका संस्थानाच्या शब्दानें कायदा रद्द होऊं लागला तर घटनाच उरली नाहीं. तें वादळ तेवढ्यापुरतें शमलें. १८६१ सालीं मात्र गुलामगिरीवरून देश फुटला, चार वर्षें भाऊ भावाशीं लढला, आणि १८६५ सालच्या तेराव्या दुरुस्तीनें गुलामगिरी नाहींशी झाली.

हें पाहण्यास मॅडिसन नव्हते. २८ जून १८३६ रोजीं सकाळीं न्याहारीच्या वेळीं त्यांचा प्राण गेला. घटनेवर सही करणाऱ्यांपैकीं ते शेवटचे. गुलामगिरी वाईट असें ते जन्मभर म्हणत आले. मुक्त झालेल्या गुलामांस आफ्रिकेंत पाठविणाऱ्या संस्थेचे अध्यक्षहि झाले. परंतु मृत्युपत्रांत त्यांनीं आपल्या एकाहि गुलामास मुक्त केलें नाहीं, सर्व पत्नीच्या स्वाधीन केले. मरणसमयीं खोलींत असलेल्यांत पॉल जेनिंग्स हा त्यांचा गुलाम सेवक होता. वर्षानुवर्षें तोच त्यांची दाढी करी. पुढें डॉलीबाईंनीं त्यास विकलें. १८४७ सालीं सेनेटर डॅनिएल वेब्स्टर ह्यांनीं त्याच्या सुटकेची रक्कम भरली, आणि त्यानें ती चाकरी करून फेडली. डॉलीबाईंवर म्हातारपणीं फार गरिबी आली. वेब्स्टरसाहेब धान्यभाजीची टोपली देऊन जेनिंग्स ह्यांस त्यांच्याकडे पाठवीत, आणि जेनिंग्स कधीं कधीं त्यांत आपल्या खिशांतील थोडे पैसे घालीत. ही गोष्ट १८६५ सालीं जेनिंग्स ह्यांच्या आठवणींच्या छोट्या पुस्तकांत छापली गेली.